परत येण्याचं कारण

९ ऑगस्ट २०१७
थान्ह हा, हाई दुओंग

मिएन,

वर काय लिहावं ते बराच वेळ सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्र तिकडच्या हान्हच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. तू तिच्याकडे सामान घ्यायला जातेस, एवढं तिनं मागे सांगितलं होतं. तुझा नवा नंबर मागितला तर म्हणाली, "दादा, तेवढं सोडून काहीही मागा." मग मी काहीच मागितलं नाही.

कळवायचं ते इतकंच, की नोव्हेंबरात मी तैवानला येतोय. दचकू नकोस. फिरायला येतोय. हल्ली गावातले बरेच जण जातात. शेजारच्या थोआवहिनी आणि त्यांचा नवरा गेल्या वर्षी जाऊन आले. तळ्यासमोर, बुद्धासमोर, उंच इमारतीसमोर उभं राहून फोटो काढले, आणि ते बैठकीत असे लावलेत की चहा प्यायला गेलं की आधी फोटो बघावे लागतात. मी म्हटलं, आपणही बघावं. सैन्यातली दोन वर्षं सोडली तर मी कुठे गेलोय?

लिची यंदा बेताचीच आली. ऐन मोहोरात पाऊस झाला. पंपदुरुस्तीचं काम मात्र भरपूर आहे. पलीकडच्या वाडीचे लोकसुद्धा पंप घेऊन माझ्याकडे येतात.

तुझी आई बरी आहे.

लुआन

ता. क. आई बरी आहे असं वर लिहिलं खरं. तशी बरीच आहे. एप्रिलमध्ये अंगणात घसरून पडली आणि कंबर गेली. आता खाटेवरून धरून उठवावं लागतं. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पान मात्र चालू आहे, मी कुटून देतो. तुला घोर लावायला हे लिहिलेलं नाही.


५ सप्टेंबर

मिएन,

आज सातव्या महिन्याची पौर्णिमा. देवळात आईच्या नावानं फुलं वाटत होते. माझी आई नाही, म्हणून मला पांढरं मिळालं. मी म्हटलं, एक लालही द्या. वाटणाऱ्या बाईनं विचारलं, "कोणासाठी?" म्हटलं, "जिची आई आहे, तिच्यासाठी." तिनं दिलं. घरी आणून पाण्यात ठेवलंय.

सहलीचं ठरलं. वाटलं होतं पैसे भरायचे, बसमध्ये बसायचं. तसं नसतं. शहरात प्रवास कंपनीच्या कचेरीत त्राम नावाची पोरगी आहे. पंचविशीची असेल. माणूस समोर बसला की पाण्याचा पेला पुढे सरकवते आणि लगेच विचारायला सुरुवात करते.

"काका, व्हिसा देणाऱ्यांना एकच बघायचं असतं, हा माणूस परत येणार का. बाकीचे सगळे कागद त्यासाठीच."

"येणार की. तिकीट दोन्हीकडचं काढतोय ना?"

"तिकीट पळून जाणारेही दोन्हीकडचंच काढतात. नोकरी?"

"पंप दुरुस्त करतो. थोडी लिचीची झाडं आहेत."

"पगाराचा दाखला कोण देईल?"

"पंप तर देणार नाहीत."

ती हसली आणि म्हणाली, गावकचेरीतून आणा. मग विचारलं, मुलं? म्हटलं, नाहीत. घरी कोण असतं? म्हटलं, सासू.

पोरीनं पेन खाली ठेवलं. "काका, सासूसाठी कोण परत येतं?"

शेजारच्या टेबलावरचेही हसले. मीही हसलो. काय करणार? हसण्यासारखंच होतं. एकटा पुरुष, पगार नाही, मूल नाही, घरात बायकोची आई. ती म्हणाली, अशी फाइल पाहिली की साहेबाची भुवई आधी वर जाते. मग तिनं घरातल्या माणसांचं नोंदवहीतलं पान उघडलं. त्यात तुझं नाव अजून आहे. मी कधी काढलं नाही. तिनं ते वाचलं आणि आवाज खाली आणला.

"काकू तिकडेच आहेत का?"

मी पाणी प्यायलो.

"असे बरेच येतात काका. मी कोणाला बोलत नाही. पण तिकडे मुदतीबाहेर राहिलेलं माणूस आहे असं कळलं तर व्हिसा गेलाच समजा. विभक्त लिहू?"

"नको."

"मग... वारल्या?"

"नको म्हटलं ना!" आवाज जरा चढला माझा. शेवटी ती जागा कोरी सोडायची असं ठरलं. खाली अजून एक प्रश्न होता, तैवानमध्ये कोणी नातेवाईक आहे का. तिथे तिनं स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे वळवला. मी सही केली. हे तुला सांगितलं पाहिजे असं वाटलं.

बँकेत शिल्लक किती दाखवायची, याचंही गणित असतं. ज्यांच्याकडे नसते त्यांना तीन-चार महिन्यांसाठी भाड्यानं पासबुक मिळतं म्हणे, माणसं तोही धंदा करतात. मला गरज पडली नाही. पहिल्या सहा वर्षांत तू वरच्या मजल्यासाठी पाठवलेस ते पैसे तसेच आहेत. ते पासबुक पाहून त्रामच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. म्हणाली, "काका, हे आधी का नाही सांगितलं? एवढं असताना घर नाही बांधलं?" म्हटलं, दोघांना एक मजला पुरतो.

गल्लीत आता आपलंच घर बसकं राहिलंय. ज्यांच्या ज्यांच्या बायका तिकडे कामाला गेल्या त्यांचे सगळ्यांचे मजले चढले.

गावकचेरीत दाखल्याला गेलो तर कारकून म्हणतो, "लुआनदादा, पळालात तर माझी सही अडकेल हं."

म्हटलं, "अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कोण कामावर ठेवतं?"

"वा! तिकडे म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढायलाच तर माणसं हवी असतात. आणि त्यात तुमचा हात चांगला बसलाय."

सगळी कचेरी हसली. शिक्का मात्र लगेच मारला, तेवढं बरं केलं.

लुआन


४ ऑक्टोबर

मिएन,

दोन शब्दांचा निरोप मिळाला. हान्हनं फोन केला तेव्हा मी एका पंपाखाली आडवा होतो. ती म्हणाली, "मिएनताईनं सांगितलंय, येऊ नका." मी विचारलं, "आणखी काही?" तर म्हणाली, "एवढंच. पण दादा, तुमची दोन्ही पत्रं तिनं दुकानात बसूनच वाचली. गिऱ्हाईक आलं तरी उठली नाही." हे तिनं सांगायला नको होतं बहुतेक. तिला रागावू नकोस.

आता न येणं जमण्यासारखं नाही. पैसे भरून झालेत. माघार घेतली तर निम्मे बुडतात, त्रामनं आधीच बजावलं होतं. शिवाय व्हिसाही आला. कंपनीनं अनामत म्हणून आपल्या घराचं लाल पुस्तक ठेवून घेतलंय, जागेच्या मालकीचं. परत आलो की परत देतील. नाही आलो तर घर त्यांचं. एकट्या माणसाला असंच करतात म्हणे. जोडप्यांना जरा सवलत असते.

आणि मी तळं बघायला येतोय, हे तर तुला पहिल्याच पत्रात कळवलंय.

आज मध्य-शरदाची पौर्णिमा आहे. गल्लीतली पोरं कंदील घेऊन फिरताहेत आणि माझ्याकडे लिहायला वेळ आहे, तर खरं लिहितो. मला आईनं पाठवलंय. मी तिला सहलीचं बोललो नव्हतो. एक दिवस तिचं अंग पुसत होतो तर एकदम म्हणाली,

"तैवानला निघालायस?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"थोआ कुंपणापलीकडून सगळ्या गावाला सांगत होती. मी आंधळी आहे, बहिरी नाही."

मी पाठ पुसत राहिलो. थोड्या वेळानं म्हणाली, "तिला ये म्हणून सांगू नकोस. तिला यायचं असतं तर ती आली असती. नुसती बघून ये. बारीक झालीय का, दात शाबूत आहेत का. आणि येऊन मला सांग."

"बरं."

"आणि भांडू नकोस."

"मी कधी भांडलोय?"

"तेच तर. ती निघाली तेव्हा तू जरा भांडला असतास तर..." मग पान मागितलं.

ती असं का म्हणाली, यावर मी बरेच दिवस विचार करतोय. तू जायचं म्हणालीस तेव्हा मी जा म्हटलं. तीन वर्षांचा करार संपल्यावर तू जिची देखभाल करायचीस त्या म्हातारीचं घर सोडून निघून गेलीस, अजून थोडे दिवस काम करते म्हणालीस, तेव्हाही मी बरं म्हटलं. मला वाटायचं, शहाणा नवरा असाच असतो. त्याला आता दहा वर्षं झाली.

तर आता नीट वाच. सोळा नोव्हेंबरला आमचा मुक्काम तायचुंगला आहे. संध्याकाळी सात ते नऊ मोकळा वेळ. हॉटेलजवळ बाजार भरतो, त्याच्या तोंडाशी कमान आहे, थोआवहिनींच्या फोटोत दिसते. मी कमानीखाली उभा राहीन. आलीस तर बरं. नाही आलीस तर मी बाजार बघेन.

गावातले लोक बोलतात ते माझ्या कानावर आलेलं आहे. मी विचारणार नाही. तू ज्याच्याबरोबर राहतेस असं म्हणतात, त्याला घेऊन आलीस तरी चालेल. आईला सांगायला मला फक्त तुझा चेहरा पाहायचाय.

लुआन


१६ नोव्हेंबर, सकाळी
तायचुंग

मिएन,

हे हॉटेलच्या कागदावर लिहितोय. टपालात टाकायला नाही. भेटलीस आणि बोलायला सुचलं नाही तर हातात द्यायला.

तळं पाहिलं. मोठं आहे.

आमचा गाईड तिएप हा हाई फोंगचा तरुण आहे. गेल्या वर्षी लग्न झालंय, बायको पोटुशी आहे. बसमध्ये चढताना सगळी डोकी मोजतो आणि मग एकदा मला वेगळं मोजतो. काल देवळात मी मुतारीत गेलो तर बाहेर येऊन उभा. मी म्हटलं, "पोरा, खिडकी फार लहान आहे रे, मी मावणार नाही." तो ओशाळला. "काका, राग मानू नका. एक जरी माणूस कमी झालं तरी माझी अनामत जाते, आणि तुम्ही... म्हणजे तुमचा कागद..." मी म्हटलं, माहीत आहे, सासू.

बसमध्ये माझ्या पुढे क्वी आणि ओआन्ह नावाचं जोडपं बसतं. चाळिशीच्या आतबाहेरचे. बांधकामाच्या सामानाचं दुकान, तीन मजली घर, गाडी. मुलगा आजीकडे ठेवलाय. त्यांच्याकडे बघितलं की तिएपचे खांदे सैल होतात. माणसं चांगली आहेत. काल गार वारा सुटला तेव्हा ओआन्हनं स्वतःचा मफलर काढून मला दिला, घ्यायलाच लावला. म्हणाली, "दादा, आम्ही दोघं आहोत, आम्हाला ऊब आहे." मनात काही नव्हतं तिच्या.

आई पाच दिवस थोआवहिनींच्या हवाली आहे. पान कसं कुटायचं ते दोनदा दाखवून आलोय.

सोबत मुगाच्या वड्या आणल्यात, आपल्याकडच्या. खिडकीतून बाजाराची कमान दिसते. दिवसा नुसते लोखंडाचे खांब दिसतात.


१८ नोव्हेंबर
विमानतळावर

मिएन,

तू आली होतीस.

मी सातच्या आधीच कमानीखाली होतो. गर्दी इतकी की उभं राहणाऱ्याला लोक ढकलत पुढे नेतात. मी खांबाला पाठ लावली. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होतो, आणि मला भीती वाटायला लागली की तू समोरून जाशील आणि मी ओळखणार नाही. तेरा वर्षांत माणसाचं काय काय होतं.

पण ओळखलं. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाडीशी एक बाई कधीची उभी होती. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, अंगात निळं जाकीट. रस घेत नव्हती. आणि सगळा भार डाव्या पायावर टाकून, उजवा जरा पुढे. भाताची रोपं लावून बांधावर आलीस की तू तशीच उभी राहायचीस. तू एकटीच होतीस. तू माझ्याकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी हात वर केला नाही. वाटलं, घाई केली तर जाशील. मग तू मास्क खाली ओढलास.

मी रस्त्यात पाऊल टाकलं आणि तेवढ्यात तिएपनं माझा दंड धरला.

तो धावत आला होता. चेहरा पांढराफटक. "काका, कुठे निघालात? तुम्ही पण?" असा ओरडला की आजूबाजूचे थांबून बघायला लागले. क्वी आणि ओआन्ह गेले होते. खोली रिकामी, बॅगा तिथेच, आणि त्या बॅगांत जुनी वर्तमानपत्रं. फोन बंद. दुकान, गाडी, पासबुक, कशावरही त्यांचं नाव नव्हतं असं नंतर कळलं, सगळं भाड्याचं. फक्त मुलगा खरा. तिएपच्या मागे इथल्या कंपनीचा माणूस होता आणि दोन पोलीस. एकानं बॅटरी मारून आमचे चेहरे पाहिले.

तो उजेड रस्त्यापलीकडेही गेला.

मी पुन्हा पाहिलं तेव्हा रसाची गाडी होती, रसवाला होता. निळं जाकीट गर्दीत आतल्या बाजूला जाताना दिसलं. तू पळत नव्हतीस. भरभर चालत होतीस, मागे न बघता.

मिएन, तिएपचा हात सोडवणं मला कठीण नव्हतं. पंपाचे नट सोडवून सोडवून माझ्या मनगटात अजून जोर आहे. मी झटका दिला असता तर तू वळायच्या आत मी तुझ्यापर्यंत आलो असतो. पण मग माझ्या मागे पोलीस आले असते, आणि त्यांना तू सापडली असतीस. आणि कंपनीच्या कपाटात लाल पुस्तक होतं, आणि त्या घरात आई खाटेवर होती. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या विचार करून ठरवलं असं सांगितलं तर ते खरं नाही. मी नुसता उभा राहिलो. हे सगळं नंतर बसमध्ये सुचलं.

तिएप तिथेच फूटपाथवर खाली बसला आणि रडायला लागला. "काका, मी तुमच्यावर नजर ठेवत बसलो हो. तुमच्यावर!" मी त्याच्याशेजारी बसलो. त्यालाच धीर देत होतो. हॉटेलवर परत जाताना त्यानं विचारलं, "तुम्ही खरंच कुठे निघाला होतात?" म्हटलं, "उसाचा रस प्यायला."

त्याचा विश्वास बसला नाही. आज सकाळी विमानतळावर येताना मी वड्यांचं पुडकं घेऊन बसलो होतो. ते बघून त्यानं काही न विचारता पत्ता मागितला. वाटेत बस थांबली तेव्हा एका दुकानातून पार्सल करून आला. पैसेही घेतले नाहीत. त्याची नोकरी जाणार आहे, तरी घेतले नाहीत.

तू हे वाचशील तोवर हान्हकडे वड्या आल्या असतील. खा. फार दिवस ठेवू नकोस, भुगा होतो.

उड्डाणाची वेळ झाली. मला दोनदा मोजून झालंय.

लुआन


२७ नोव्हेंबर
थान्ह हा

मिएन,

हे पत्र नीट जपून ठेव, कारण यातलं सगळं तुला पाठ करावं लागेल.

मी घरी पोचलो तेव्हा दुपार होती. थोआवहिनी दारातच होत्या. "आणली का?" म्हणाल्या. म्हटलं, "काय?" त्या म्हणाल्या, "काय म्हणजे, भेटवस्तू!" आणि तोंडावर हात धरून हसल्या. त्यांना आणलेला अननसाचा केक दिला. त्यांनी आईचं केलं मात्र मनापासून. आई स्वच्छ होती, केस विंचरलेले होते.

आईनं पावलं ओळखली. खाटेजवळ बसायच्या आधीच म्हणाली, "सांग."

सगळं सांगणार होतो. विमानात ठरवलं होतं. कमान, रसाची गाडी, पोलीस. तोंड उघडलं आणि तिनं हात पुढे केला, माझा चेहरा चाचपायला. आता ती तसंच करते, कोण काय बोलतंय ते बोटांनी बघते. ती बोटं गालावर आली आणि मी म्हटलं, "भेटली."

एकदा ते तोंडातून गेलं, मग पुढचं सांगणं भागच होतं. तर आपण भेटलो ते कमानीखाली. तू आधी येऊन उभी होतीस, मीच उशिरा आलो. आपण आतल्या बाजूला एका टपरीत बसलो आणि तू शेवयांचं सूप मागवलंस, बदकाचं. आईनं विचारलं, "आपल्यासारखं होतं?" मी म्हटलं, गोड होतं जरा. पैसे तू दिलेस, मला देऊ दिले नाहीस. हे ऐकून ती फार खूश झाली.

बारीक झालीस का, तर नाही, उलट भरलीस. दात सगळे आहेत. केस? मी म्हटलं, कानाजवळ थोडे पांढरे. हे मी पाहिलेलं नाही, टोपी होती. तुझे नसतील पांढरे तर फोनवर सांग, नुकतेच काळे केले म्हणून. काम एका खानावळीत आहे, बसून करायचं, भाज्या निवडायचं. मालकीण चांगली. हाताला भेगा नाहीत. आईनं खोदून खोदून विचारलं, "हात धरून पाहिलास?" मी म्हटलं, "पाहिला."

तिनं विचारलं, "एकटीच होती?" मी म्हटलं, एकटीच. यात माझ्याकडून काही घातलेलं नाही.

मग ती दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत राहिली. बदकाचं सूप आता गावभर झालंय. गावकचेरीतला कारकून मला वाटेत थांबवून म्हणाला, "दादा, मागे बोललो ते मनावर घेऊ नका." एक गंमत सांगतो. काल ती थोआवहिनींना सांगत होती आणि मी बाजूला सुपारी कातरत ऐकत होतो, तर मला ती टपरी दिसायला लागली. टेबलावर मिरच्यांची बशीसुद्धा होती. ती मी आईला सांगितलेली नव्हती.

लाल पुस्तक परत आणायला शहरात गेलो. त्राम म्हणाली, त्या जोडप्यामुळे साहेब खवळलेत, आता सहा महिने गट जाणार नाहीत. मग पुस्तक माझ्या हातात देताना हसली. "काका, आलात की हो परत!" मी तिला एक गोष्ट विचारली. तिनं दार लावून घेतलं आणि सगळं नीट सांगितलं, ते तुला कळवतो. मुदतीबाहेर राहिलेल्या माणसाला घरी यायचं तर तिकडच्या कचेरीत आपणहून जाऊन नाव सांगावं लागतं. पकडून नेलेल्याला त्रास जास्त, आपणहून गेलेल्याला कमी. दंड भरायचा, थोडे दिवस थांबायचं, पासपोर्ट नसला तरी एका बाजूच्या प्रवासापुरता कागद मिळतो. पुन्हा तिकडे जाता येत नाही बरीच वर्षं. दंड आणि तिकीट धरून जे होतं ते तुझ्या पासबुकात आरामात बसतं. आलेल्या माणसाला इकडे कोणी विचारत नाही, घरी कोण आहे, पगार किती, परत जायचं कारण काय.

हे मी फक्त माहिती म्हणून लिहिलंय. आईनं सांगितलं होतं, ये म्हणू नकोस. मी म्हणत नाही.

पण तिनं शेवटी एक प्रश्न विचारला, तोही तुला सांगायला हवा. सगळं सांगून झालं होतं, दिवा लावायला मी उठलो होतो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काही म्हणाली का येण्याबद्दल?"

मी म्हटलं, "येते म्हणाली. कधी ते नाही सांगितलं."

थोड्या वेळानं मला वाटलं झोपली, तर म्हणाली, "वरच्या पेटीत तिची जाड रजाई आहे. एकदा उन्हात टाक."

रजाई सध्या अंगणात दोरीवर आहे. हिवाळ्याचं ऊन तसं कमीच मिळतं इकडे, म्हणून रोज टाकतो.

मिएन, बाकीचं सगळं तुला निभावता येईल. सूप, केस, खानावळ, दोन मिनिटं फोनवर बोललीस तरी पुरे. पण ते एक वाक्य मी तुझ्या तोंडी घातलंय, तुला न विचारता. ते खोटं असेल तर आईला तूच सांग. माझ्याच्यानं ते होणार नाही.

लुआन